एटीएफची लाल बाटली



या वेळचा विषय जरा तेलकट आहे, सांभाळून घ्या. पेट्रोलवाल्यांनी आणि इलेक्ट्रिकवाल्यांनी खुशाल पुढच्या मेलवर जावं. पण डिझेलवाल्यांनो, हा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी दिलाच असणार: "एमओटीच्या आधी टाकीत लिटरभर एटीएफ ओत, इंजेक्टर लख्ख होतात."

एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये घालतात ते तेल. लालभडक, रूह अफ़्ज़ासारखं. मला हा सल्ला दिला लेस्टरच्या एका काकांनी. काका जुने मेकॅनिकल इंजिनिअर, आता निवृत्त. त्यांची डिझेल गाडी १९९६ची आहे, आणि धुरावरून ती एमओटीत एकदाही नापास झालेली नाही. याचं सगळं श्रेय ते एटीएफला देतात. आमच्या गाडीचं रडगाणं ऐकल्यावर त्यांनी शेडमधून एक सीलबंद बाटलीच आणून हातात ठेवली. "टाक रे बिनधास्त. कॉम्प्युटरवाल्यांना काय कळतंय."

रडगाणं असं की आमची एस्टेट २०१३ची, एक लाख दहा हजार मैल झालेली. सकाळी थंडीत सुरू केली की मिनिटभर थरथरायची, सिग्नलला उभी असताना उचक्या द्यायची. एमओटी आठ दिवसांवर. बायकोची हॉस्पिटलमधली ड्यूटी सकाळी सातला सुरू होते, घरापासून सव्वीस मैल, आणि त्या वेळेला आमच्या गावातून बस नाही. एका गॅरेजवाल्याने फोनवरच सांगून टाकलं, "चारही इंजेक्टर बदलावे लागतील, नऊशे पौंड धरून चाला." नऊशे पौंडांपुढे आठ-दहा पौंडांची बाटली कोणालाही देवासारखी वाटेल.

शिवाय माझा यावर विश्वास बसायला घरचंच कारण होतं. मी मूळचा मनमाडकडचा. आमच्या बाबांच्या जीपमध्ये डिझेल भरलं की मिस्त्री वरून पाव लिटर इंजिन ऑइल सोडायला सांगायचा. कारण डिझेलमध्ये रॉकेल किती असेल याचा भरवसा नसायचा. रॉकेल पातळ, त्याला वंगण कमी, आणि डिझेलच्या जुन्या पंपाला वंगण मिळतं ते त्यातून वाहणाऱ्या इंधनातूनच. म्हणून वरून तेल. भेसळीवर उतारा म्हणून आणखी एक भेसळ! पण त्यात तर्क होता. त्याच मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ला अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळलं, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आमच्या भागात 'डिझेलमध्ये काय मिसळलंय' हा कधीच गमतीचा विषय नव्हता.

असो. शनिवारी सकाळी टाकीचं झाकण उघडून, बाटलीचं सील तोडून उभा राहिलो. बायको दारातून म्हणाली, "अरे, हे तर गिअरबॉक्सचं तेल आहे ना? मग ते जळल्यावर त्याचं काय होतं?"

उत्तर माहीत नव्हतं. झाकण लावलं आणि लॅपटॉप उघडला. (घाबरलो की आमचं हेच.)

आता जे कळलं ते सांगतो. काकांचं तर्कशास्त्र त्यांच्या गाडीपुरतं अगदीच चुकीचं नाही. डिझेलमधलं गंधक काढायची प्रक्रिया सुरू झाली तेव्हा गंधकाबरोबर नैसर्गिक वंगण देणारे घटकही निघून गेले. स्वीडनने १९९१ साली असं स्वच्छ डिझेल आणलं आणि तिथे पंप झिजून बंद पडू लागले. तेव्हापासून कंपन्या रिफायनरीतून निघाल्यावर डिझेलमध्ये वंगणाचं रसायन मिसळतात, आणि ईएन ५९० या युरोपियन मानकात झिजेची चाचणीच घातलेली आहे. म्हणजे इथल्या पंपावरच्या डिझेलमध्ये 'वरचं पाव लिटर' आधीच टाकलेलं असतं. बाबांच्या मिस्त्रीचं काम इथे रिफायनरीवाले करतात.

आणि एटीएफ इंजेक्टर धुतं का? त्यात मळ धरून ठेवणारी रसायनं असतात खरी, पण ती गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटींसाठी, तिथल्या तापमानाला. ते तेल जळावं म्हणून बनवलेलंच नाही. चाळीस अंशाला डिझेलची स्निग्धता २ ते ४.५, एटीएफची साधारण तीस-पस्तीस. डिझेलचा ९५ टक्के भाग ३६० अंशांपर्यंत उकळून वाफ होतो, एटीएफचं मूळ तेल त्याहून जड. नीट वाफ न झालेलं तेल म्हणजे धूर. धूर कमी व्हावा म्हणून आपण तेच ओततोय!

पण मला खरा धक्का बसला तो राखेचा. २०१३च्या गाडीत डीपीएफ म्हणजे काजळीचा फिल्टर असतो. काजळी अडकते आणि सहाशे अंशांच्या आसपास फिल्टर तापला की ती जळून जाते. राख मात्र जळत नाही. ती तिथेच बसते, कायमची. एटीएफमध्ये फॉस्फरस, कॅल्शियम, बोरॉन, जुन्या प्रकारांत जस्तसुद्धा, आणि यातल्या धातूंची राखच होणार. आता गंमत बघा. याच फिल्टरसाठी आपण इंजिनात मुद्दाम महागडं कमी राखेचं ऑइल घालतो, का तर त्यातले चार थेंब सिलिंडरमध्ये जळले तरी फिल्टर भरू नये. आणि इकडे अख्खा लिटर सरळ टाकीत? बग फिक्स करायला सर्व्हरच फॉरमॅट करण्यातला प्रकार. एका बाटलीने फिल्टर लगेच बसला नसता हे मान्य, पण काकांसारखी दर वर्षीची सवय लागली असती. नवा फिल्टर नऊशेपेक्षा पुष्कळ महाग. तो काढून टाकायची सोय नाही, फेब्रुवारी २०१४पासून फिल्टर गायब दिसला की एमओटी नापास, आणि मे २०१८पासून फिल्टरवाल्या गाडीतून नुसता दिसण्याइतका धूर आला तरी नापास.

मग काकांची गाडी दर वर्षी पास कशी होते? याचं उत्तर काकूंनी फोनवर दिलं. "अरे, तेल ओतल्यावर हे गाडी घेऊन एम-वनवर नॉटिंगहॅमपर्यंत जातात नि येतात, तिसऱ्या गिअरमध्ये. इंजिन नुसतं बोंबलत असतं. मी तर बसतच नाही." म्हणजे वर्षभर दुकान-देऊळ-घर अशी फिरणारी गाडी त्या एका संध्याकाळी कडक तापते, साठलेली काजळी उडून जाते, आणि दुसऱ्या दिवशी तपासणीला स्वच्छ हजर. माझ्या मते श्रेय एम-वनचं, बाटलीचं नाही.

कायद्याचाही एक कोपरा आहे. इथे शेतीच्या स्वस्त डिझेलला लाल रंग देतात, आपल्याकडे रेशनच्या रॉकेलला निळा असायचा तसाच. कस्टम्सवाले रस्त्यात थांबवून टाकीत नळी घालतात. ते रंगाबरोबर रासायनिक खूणही तपासतात, त्यामुळे एटीएफच्या लालीवर कोणी तुरुंगात जाणार नाही, पण हायवेच्या कडेला पावसात 'साहेब, हे गिअरबॉक्सचं आहे' हे समजावत बसायची हौस कोणाला? आणि रस्त्यावरच्या इंधनावर कर लागतो (मार्च २०२२मध्ये तो लिटरला ५२.९५ पेन्स झाला होता), तो इंधनात मिसळायच्या पदार्थालाही लागू होतो. २००२ साली वेल्समध्ये लॅनेलीला लोक सुपरमार्केटचं खाद्यतेल टाकीत ओतून गाड्या चालवायचे. पोलिसांनी त्यांना भज्यांच्या वासावरून पकडलं होतं! जून २००७च्या अखेरीपासून वर्षाला अडीच हजार लिटरपर्यंतच्या जैवइंधनाला करमाफी मिळाली, पण एटीएफ त्यात बसत नाही.

शेवटी काय केलं? दुसऱ्या एका छोट्या गॅरेजात गेलो. त्या माणसाने चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइपांना बाटल्या लावल्या आणि पाच मिनिटं इंजिन चालवलं. तीन बाटल्यांत सारखं डिझेल, चौथीत जवळजवळ तिप्पट. एकच इंजेक्टर आतून गळत होता. जिथे दीड हजार बारच्या वर दाब असतो तिथली झीज कुठलंही लाल तेल भरून काढणार नव्हतं. रिकंडिशन केलेला इंजेक्टर, कोडिंग आणि मजुरी धरून दोनशे साठ पौंड. गुरुवारी एमओटी पास झाली, शुक्रवारी पहाटे सहाला बायको नेहमीसारखी निघाली.

बाटली परत द्यायला लेस्टरला गेलो तेव्हा भीत भीत सगळं सांगितलं. काका थोडा वेळ गप्प बसले. मग बॉनेट उघडलं, पॉवर स्टीअरिंगच्या डबीचं झाकण काढलं आणि त्यात दोन बोटं एटीएफ ओतलं. "हिच्या पुस्तकात इथे हेच घालायला सांगितलंय," म्हणाले. "बाकीचं ठेवून देतो. चहा घेणार का?"