पेंढा म्हणजे कचरा नव्हे!

तानसा १८९२ मध्ये बांधून झाले, पुढे भातसाही झाले. शहापूरने मुंबईची तहान भागवायची आणि शहापूरच्याच पाड्यांनी चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहायची, हा न्याय आपण निमूटपणे स्वीकारला. आता काडीकचऱ्यापासून इंधन काढण्याच्या घोषणा होत आहेत. तोच न्याय पेंढ्यालाही लागू होणार काय?

तंत्राविषयी आमचा आक्षेप नाही. पाणी ३७४ अंश सेल्सिअसच्या वर आणि हवेच्या दाबाच्या सुमारे २२० पट दाबाखाली नेले की द्रव व वायू हा भेदच मावळतो. तशा पाण्यात लाकूड, गवत काही मिनिटांत विघटित होते. इथेनॉल वापरले तर २४१ अंश आणि साठाहून थोडा अधिक पट दाब पुरतो. तापमान जरा कमी राखले तर काळसर, दाट तेल अधिक मिळते. फार वाढवले तर वायूच हाती येतो. हे तेल शुद्ध केल्याविना इंजिनात चालत नाही. शिवाय गंज न धरणारी, जाड पोलादाची पात्रे हवीत. हा गावोगावच्या चुलीचा उद्योग नव्हे, हे उत्साही मंडळींनी ध्यानी घ्यावे.

खरा प्रश्न कच्च्या मालाचा आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या पानिपतच्या इथेनॉल प्रकल्पाचे दाखले येथे दिले जातात. त्याचे तंत्र निराळे, पण पुण्याच्या ‘प्राज’चे, याचा अभिमान आहेच. परंतु हरियाणात यंत्राने कापणी होते, खुंट शेतात उरतात आणि जाळले जातात. मुरबाडचा शेतकरी विळ्याने भात कापतो, खळ्यावर झोडतो आणि पेंढा बैलांसाठी रचून ठेवतो. म्हशाच्या यात्रेत बैल घेणाऱ्याला पेंढ्याचे मोल विचारा! राबासाठी जाळला जाणारा पालापाचोळाही वाया जात नाही. त्याने तणाचे बी मरते, राखेचे खत होते. वातानुकूलित दालनात बसून त्याला ‘अवशेष’ म्हणणे सोपे आहे.

मग घ्यायचे काय? उल्हास नदी गुदमरवणारी जलपर्णी घ्या, माळरान गिळणारी रानमोडी घ्या. पाण्याच्या मार्गात ओला माल वाळवावा लागत नाही, हाच तर त्याचा मोठा गुण! माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था हाकेच्या अंतरावर आहे, मुरबाडला औद्योगिक वसाहत आहे. या संस्थेने सिद्ध केलेल्या दुसऱ्या एका जैवइंधन तंत्राचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१६ मध्ये उभा राहिला तो उत्तराखंडात, काशीपूरला. पुढचा मुरबाडला का नको? मात्र माल गोळा करणाऱ्या आदिवासी बांधवांची सहकारी संस्था आधी, करार नंतर. आणि दर किलोमागे ठरलेला, लेखी.

जट्रोफाचे स्मरण ठेवा. २००९च्या धोरणाने २०१७ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के जैवइंधन मिसळण्याचे लक्ष्य मांडले होते. ते कागदावरच राहिले. ज्यांनी आपल्या जमिनीत रोपे लावली, त्यांची भरपाई कोणी केली?