विश्लेषण : कढईतले तेल डिझेलच्या टाकीत का पोहोचत नाही?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य देशाने २०२५ मध्ये गाठले. मूळ मुदत २०३०ची होती. डिझेलची गाडी मात्र जागची हललेली नाही. २०१८च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानुसार २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळायचे आहे. प्रत्यक्षातले प्रमाण अजून १ टक्क्याच्याही खाली आहे. तंत्रज्ञान अवघड आहे, असे अजिबात नाही. अडचण आहे ती तेलाची. ती समजून घेण्यासाठी प्रयोगशाळेत नव्हे, वडे तळणाऱ्या कढईपाशी जावे लागते.

बायोडिझेल म्हणजे नेमके काय?

खाद्यतेल जळते, पण डिझेलपेक्षा खूप घट्ट असते. ते तसेच इंजिनात घातले तर इंजेक्टरमधून नीट फवारले जात नाही आणि आत काजळी धरते. म्हणून तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा यांसारखा उत्प्रेरक घालून ते तापवतात. तेलाचा मोठा रेणू तुटतो आणि दोन थर तयार होतात. खाली ग्लिसरीन, वर बायोडिझेल. साधारण १०० किलो तेल आणि १० किलो मिथेनॉलपासून जवळपास १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन मिळते. ग्लिसरीन साबण आणि सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योगात जाते.

कल्पनाही नवी नाही. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले गेले होते.

ते खरेच स्वच्छ आहे का?

बऱ्याच अंशी हो, पण सरसकट नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यानुसार शुद्ध बायोडिझेल वापरल्यास धुरातले कण आणि कार्बन मोनॉक्साइड जवळपास निम्म्याने घटतात. नायट्रोजन ऑक्साइड मात्र सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. २० टक्के मिश्रणात कणांची घट १० टक्क्यांच्या आसपास आणि नायट्रोजन ऑक्साइडची वाढ २ टक्के दिसली.

हे आकडे जुन्या इंजिनांचे आहेत, हे विसरून चालणार नाही. एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानक लागू आहे. नव्या गाड्यांत धूर गाळणारी यंत्रणा असते आणि डिझेलमधले गंधकही अत्यल्प असते. त्यामुळे नव्या गाडीत धुराचा फायदा कमी जाणवेल. जुने ट्रक, जनरेटर, पंप यांत तो अधिक दिसेल.

मोठा फायदा कार्बनचा आहे. डिझेल जाळले की जमिनीखाली कोट्यवधी वर्षे दडलेला कार्बन हवेत येतो. वनस्पतीने वाढताना हवेतूनच घेतलेला कार्बन बायोडिझेलमधून परत हवेत जातो. पण त्या वनस्पतीसाठी जंगल तोडले असेल, तर हा सगळा हिशेब उलटा फिरतो.

मग कोणते तेल वापरायचे?

भारताने आधी जट्रोफावर, म्हणजे मोगली एरंडावर, भिस्त ठेवली. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने त्याची मोठी योजना मांडली. २००९च्या धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले. पडीक जमिनीवर कमी पाण्यात हे झाड तगते, पण भरपूर बी हवे असेल तर पाणी आणि खतही द्यावे लागते. योजना फसली.

इंडोनेशियाने पाम तेलाचा मार्ग धरला आणि २०२५ मध्ये ४० टक्के मिश्रण सक्तीचे केले. पण तो देश पाम तेलाचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक आहे. आपण गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो. बाहेरून तेल आणून ते इंजिनात जाळायचे, यात शहाणपण नाही.

उरते ते तळून झालेले तेल.

वापरलेल्या तेलाचे काय होते?

तेल वारंवार तापवले की त्यात विघटनातून घातक घटक साठत जातात. त्यांचे मोजमाप ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ या नावाने होते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) नियमानुसार १ जुलै २०१८ पासून हे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. रोज ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आहे. याच तेलापासून इंधन बनवण्यासाठी प्राधिकरणाने ‘रुको’ हा उपक्रम सुरू केला. २०१९ मध्ये तेल कंपन्यांनी १०० शहरांसाठी अशा बायोडिझेलच्या खरेदीची तयारी दाखवली. पहिल्या वर्षाचा दर लिटरला ५१ रुपये होता.

नियम आहे, योजना आहे. तरीही मोठ्या हॉटेलातले काळे तेल अनेकदा स्वस्तात छोट्या गाड्यांवर जाते आणि तिथे पुन्हा उकळते. याचे गणित सरळ आहे. ताज्या तेलाच्या निम्म्या भावात मिळाले तरी ते छोट्या विक्रेत्याला परवडते. बायोडिझेलवाल्याला मात्र तेल गाळून, प्रक्रिया करून, वाहतूक करून डिझेलशी स्पर्धा करायची असते. त्यामुळे त्याची बोली कमी पडते.

आकडे काय सांगतात?

सरकारी अंदाजानुसार हॉटेल, उपाहारगृहे, कँटीन अशा मोठ्या वापरकर्त्यांकडून वर्षाला १४० कोटी लिटर वापरलेले तेल गोळा होऊ शकते. त्यापासून सुमारे ११० कोटी लिटर बायोडिझेल होईल. देशात वर्षाला सुमारे ९ कोटी टन, म्हणजे १०,८०० कोटी लिटरच्या आसपास डिझेल लागते. त्याचे ५ टक्के म्हणजे ५४० कोटी लिटर. थोडक्यात, या वापरकर्त्यांकडचा थेंबन् थेंब जमा केला तरी आपण १ टक्क्यापाशीच पोहोचतो.

मग हा खटाटोप कशासाठी?

कारण इथे फायदा दुहेरी आहे. गोळा झालेले प्रत्येक लिटर डिझेलची जागा घेते आणि कुणाच्या तरी पोटात जायचे वाचते. इथेनॉलला साखर कारखान्यांचे मोठे दरवाजे होते. मोजके कारखाने, एका जागी भरपूर माल. बायोडिझेलचा कच्चा माल लाखो कढयांत विखुरलेला आहे. म्हणून ५ टक्क्यांच्या घोषणेचा पुनरुच्चार करण्यापेक्षा सरकारने संकलनाचे लक्ष्य ठरवावे. कोणत्या शहरातून महिन्याला किती तेल जमा झाले, हे जाहीर व्हावे. मोठ्या हॉटेलांच्या परवान्याचे नूतनीकरण तेल दिल्याच्या पावतीशी जोडावे. आणि छोट्या विक्रेत्याला दंडाआधी भाव द्यावा. जुने तेल देऊन ताज्या तेलावर सवलत मिळाली, तर तो स्वतःहून डबा पुढे करेल. कागदावरच्या ५ टक्क्यांपेक्षा खरे १ टक्का केव्हाही चांगले.

वाचकांसाठी तीन गोष्टी

• घरचे तळणाचे तेल गाडीत ओतू नका. प्रक्रिया न केलेले तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे.

• रस्त्याकडेच्या टाकीतले स्वस्त ‘बायोडिझेल’ टाळा. गुजरातमध्ये या नावाने भलतेच औद्योगिक तेल विकणाऱ्यांवर पोलिसांना मोहीम उघडावी लागली होती.

• उरलेले तेल सिंकमध्ये ओतू नका, ते नळीत थिजते. बाटलीत साठवा. सोसायटीत संकलनाची सोय नसेल, तर पुढच्या बैठकीत तो विषय काढा.