ओळख पटण्यापूर्वीच रंगरंगोटी!
जुन्या लष्करी मालमोटारींचा इतिहास गॅरेजमध्येच पुसला जातो

विशेष प्रतिनिधी

डोंगरकडा (जि. हिंगोली) : नांदेडहून हिंगोलीकडे निघालेल्या प्रवाशाला अर्धापूर मागे पडले की दुतर्फा केळीच्या बागा आणि उसाचे फड लागतात. कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे याच परिसरातील गाव. अशा एखाद्या गावात, जुन्या गोदामामागच्या गवतात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एखादी लष्करी मालमोटार निघाली तर पुढे काय घडेल, हे सांगण्यासाठी ज्योतिषाची गरज नाही. भंगारवाला किलोचा भाव सांगेल. एखादा हौशी खरेदीदार त्यावर चार पैसे अधिक ठेवून ती शहरात नेईल. तेथे वाळूच्या फवाऱ्याने पत्रा चकचकीत होईल, त्यावर लांबी आणि मग हिरवा रंग चढेल, दारावर पांढरा तारा उमटेल. महिनाभरात ‘दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन ट्रक’ वरातीसाठी सज्ज होईल. ती मालमोटार अमेरिकन नव्हती आणि तिच्यावर तारा कधी नव्हताच, हे सिद्ध करणारा पुरावा तोवर फवाऱ्याखाली निघून गेलेला असेल.

जुन्या मोटारींच्या हौसेला गेल्या काही वर्षांत चांगले दिवस आले आहेत. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय केली. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या आणि चासी, सांगाडा वा इंजिनात मोठा फेरबदल न झालेल्या दुचाकी-चारचाकींना त्यानुसार ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये, पुनर्नोंदणीसाठी ५ हजार रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत, असे तिचे स्वरूप आहे. नियमातील ‘मूळ स्वरूप’ हे दोन शब्द वाचायला सोपे आहेत. परंतु ज्या वाहनाचे मूळ स्वरूप कोणते हेच ठाऊक नाही, ते त्या स्वरूपात जपले आहे की नाही हे ठरवणार कोण आणि कशावरून? अभिजात मोटारींच्या बाबतीत कंपनीची माहितीपत्रके, छायाचित्रे, राजेरजवाड्यांची दफ्तरे हाताशी असतात. शिधा, दारूगोळा आणि शिपाई वाहणाऱ्या मालमोटारीचे छायाचित्र कोणी काढून ठेवले नाही.

वास्तविक या विषयाशी महाराष्ट्राचा संबंध फार जुना आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. फोर्डच्या कॅनडातील कंपनीची भारतीय शाखाही त्याच दशकात मुंबईत आली. महायुद्ध पेटल्यावर कॅनडाने आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने बनवली. त्यांपैकी सुमारे निम्मी ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’ या एकाच घाटाची होती. ब्रिटिश लष्कराच्या मोजमापांनुसार शेवरोलेट आणि फोर्ड या एरवीच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी ती जवळपास एकसारखी घडवली. सुट्या भागांच्या पेट्या जहाजाने भारतात येत आणि जुळणी येथे होई. म्हणजे मराठवाड्यातील एखाद्या शेतात गंजणाऱ्या ‘अमेरिकन’ ट्रकचा जन्म कॅनडात झालेला आणि बारसे मुंबईत झालेले असणे मुळीच अशक्य नाही. शिवडीच्या कारखान्याने १९५०च्या दशकाच्या मध्यास गाशा गुंडाळला. त्याच सुमारास फोर्डही भारतातून गेली.

मोटार ओळखायची ती पुढून. या कॅनेडियन वाहनांच्या चालककक्षाचे ११, १२ आणि १३ असे तीन मुख्य प्रकार होते. त्यांपैकी १९४२ पासून आलेला तेरावा प्रकार एकदा पाहिला की विसरत नाही. त्याची समोरची काच वरून पुढे झुकलेली, खालून आत गेलेली असते. काचेवरची उन्हाची तिरीप विमानातील शत्रूच्या नजरेस पडू नये, हा त्यामागचा हेतू. सुकाणू उजवीकडे. तत्कालीन अमेरिकन जीएमसी किंवा डॉज मोटारींचे सुकाणू डावीकडे असे, त्यामुळे निम्मा वाद येथेच मिटावा. पुढचे उत्तर मोजपट्टी देते. पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधील अंतर १०१ इंच भरले तर ती पंधरा हंड्रेडवेटची, म्हणजे पाऊण टनाची गाडी असण्याचा संभव मोठा. १३४ इंच भरले तर बहुधा दीड टनाची, आणि १५८ इंच भरले तर तीन टनाची लांब मालमोटार. इंजिन सहा सिलिंडरचे सरळ रांगेतले असेल तर शेवरोलेट, आठ सिलिंडरचे ‘व्ही’ आकाराचे असेल तर फोर्ड. कंपन्यांच्या भाषेत पहिलीचे नाव ‘सी’ने आणि दुसरीचे ‘एफ’ने सुरू होते. ‘सी ६० एल’ म्हणजे साठ हंड्रेडवेटची लांब शेवरोलेट.

मात्र इंजिनावर विसंबून निकाल देऊ नये. पेट्रोल परवडेना म्हणून युद्धकालीन मोटारींत पर्किन्सची डिझेल इंजिने बसवणे ही स्वातंत्र्योत्तर काळातील सर्रास चाल होती. कोणी हौदा काढून क्रेन चढवली, तर कोणी बोअर खोदण्याचे यंत्र. शिवाय खुद्द लष्कराच्या कार्यशाळांतही मोठ्या दुरुस्तीच्या वेळी एका गाडीचे इंजिन दुसरीत जाई. इंजिनाचा क्रमांक चासीच्या कागदाशी जुळत नाही म्हणून संग्राहक नाक मुरडतात. नबाबाच्या रोल्स रॉइसला तो न्याय ठीक आहे. रणांगणावरच्या मालमोटारीबाबत न जुळणारे इंजिन हाच कित्येकदा तिच्या लष्करी सेवेचा पुरावा ठरतो. जे बदलत नाही ते चासीचे पोलाद. त्यावर ठोकलेला क्रमांक वाचण्यासाठी हातोडी-छिन्नी नव्हे, रॉकेल, मऊ ब्रश आणि तिरकस धरलेली विजेरी लागते. दरवाजावरची वा डॅशबोर्डवरची पितळी पाटी राहिली असेल तर उत्तमच. पण अशा पाट्या आता परदेशात नव्याने छापून मिळतात, तेव्हा चकचकीत पाटीवर विश्वास टाकण्याआधी तिच्या रिव्हेटांकडे पाहावे.

वरची बांधणी फसवी असते, याचे सर्वांत मोठे उदाहरण भारतातच आहे. युद्धकाळात कॅनेडियन फोर्ड व जनरल मोटर्सच्या चासींवर जमशेदपूरच्या टाटांच्या पोलादाचे चिलखत चढवून ‘आर्मर्ड कॅरिअर, व्हील्ड, इंडियन पॅटर्न’ ही चाकांची चिलखती गाडी बनवण्यात आली. जवानांनी तिला ‘टाटानगर’ म्हटले. साडेचार हजारांहून अधिक ‘टाटानगर’ बाहेर पडल्या. अशा गाडीचे चिलखत भंगारात गेले आणि खालची चासी लाकडी हौद्यासह शेतावर राहिली, तर तिला साधी मालमोटार समजून रंगवणारा मनुष्य केवढी दुर्मीळ वस्तू गमावून बसेल!

रंगाचे थर हा दुसरा दस्तऐवज. आसनाखाली, डॅशबोर्डच्या मागे, पाटीच्या खाली, बॉनेटच्या आतल्या कडेला मूळ रंग टिकून राहतो. तेथे बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून रुपयाएवढ्या वर्तुळात हलक्या हाताने घासला की झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे एकेक थर उघडतो. ब्रिटिश लष्कराने १९४२ ते १९४४ या काळात तपकिरी छटा वापरली, १९४४ पासून ऑलिव्ह. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी गडद जंगली हिरवा रंग होता. तेव्हा युरोपचा तक्ता भारतातील गाडीला डोळे मिटून लावणे चूक. याच थरांत कधी आकडे सापडतात. युद्धकालीन ब्रिटिश क्रमांकात ‘एल’ हे अक्षर लॉरीसाठी, ‘झेड’ हलक्या ट्रकसाठी असे. स्वतंत्र भारताच्या लष्करी क्रमांकात बाणाच्या खुणेनंतरचे दोन आकडे खरेदीचे वर्ष सांगतात. डिव्हिजनचे चिन्ह दिसले तर सोन्याहून पिवळे. चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड आणि सतराव्याचे काळे मांजर ही त्यांतील नामांकित चिन्हे. वाळूचा फवारा हे सारे काही मिनिटांत संपवतो. (गॅरेजवाल्यांसाठी एक सूचना येथेच केलेली बरी : या गाड्यांची बोल्टने जोडलेली दोन तुकड्यांची चाके हवा पूर्ण सोडल्याविना उघडणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय.)

गाडी बोलते तितके कागद बोलत नाहीत, पण गाडीला खोटे पाडण्याची ताकद कागदातच असते. १९४५ नंतर सरकारने युद्धाचा शिल्लक माल विकायला काढला आणि ‘डिस्पोजल’ हा शब्द मराठीत कायमचा रुजला. मराठवाड्यात या कागदांचा माग काढणे विशेष कठीण. गाडी जागची न हलताही तिचे दफ्तर १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थान व राज्याचे, मग द्विभाषिक मुंबईचे, १ मे १९६० पासून महाराष्ट्राचे. जिल्हा परभणी आणि १ मे १९९९ पासून हिंगोली. आजचा ‘एमएच ३८’ हा क्रमांक त्या प्रवासाचे शेवटचे पान आहे.

मराठवाड्यात जुन्या लष्करी वाहनाला एक कहाणी हमखास चिकटू शकते : ही गाडी ‘पोलिस ॲक्शन’मध्ये आली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्या मोहिमेत युद्धकालीन वाहनेच धावली असणार, हे उघड आहे. पण एखाद्या विशिष्ट गाडीबाबत असा दावा करायचा तर एक साधी कसोटी लावता येते. ती लष्कराने विकली कधी? विक्रीचा कागद १९४६ चा असेल तर १९४८ मध्ये ती कोणा कंत्राटदाराची लाकडे वाहत होती. कागद त्यानंतरचा असेल तर शक्यता उरते, सिद्धता नव्हे. गावाच्या आठवणीला कमी लेखण्याचे कारण नाही. गाडी कोणाकडून आली, कोणत्या साली, तिने काय वाहिले, हे सांगणारी वृद्ध माणसे आज आहेत, पुढच्या दशकात नसतील. रंगाऱ्याच्या आधी त्यांच्याकडे जायला हवे.

दुसरा नेहमीचा गोंधळ ‘शक्तिमान’चा. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्याने जबलपूरला १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून बनू लागलेली ही मालमोटार १९९० च्या दशकापर्यंत निघत होती. तीही ऑलिव्ह हिरवी, तीही लिलावातून खेड्यापाड्यांत पोहोचली. ती महायुद्धातील नव्हे, परंतु म्हणून तिची किंमत कमी नाही. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतील भारतीय पायदळाला वाहून नेण्यात तिचा मोठा वाटा आहे. जीपचेही तसेच. महिंद्रने १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्यामुळे प्रत्येक जुनी जीप युद्धातून आलेली नसते. फोर्डने बनवलेल्या युद्धकालीन जीपच्या बोल्टांवर ‘एफ’ हे अक्षर असते. ते शोधायला पान्हाही लागत नाही.

आता पुन्हा कायद्याकडे. २०२१ चे नियम खासगी, अव्यावसायिक वापराच्या दुचाकी-चारचाकी डोळ्यांपुढे ठेवून लिहिले गेले. मालवाहू गाडी, त्यातही सहा वा दहा चाकांची, त्यांत कशी बसवायची, हा पहिला प्रश्न. पन्नास वर्षे पहिल्या नोंदणीपासून मोजायची, हा दुसरा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६० नुसार संरक्षण दलांची वाहने केंद्राने नेमलेल्या वेगळ्या प्राधिकरणाकडे नोंदली जातात आणि केंद्राची मालकी संपल्यावरच ती सर्वसाधारण नोंदणीच्या कक्षेत येतात. मग १९७० साली लष्करात दाखल होऊन १९९२ साली लिलावात गेलेल्या ‘शक्तिमान’चे वय कोणत्या तारखेपासून धरायचे? लष्करी नोंदणी ग्राह्य मानली तर ती व्हिंटेज. नागरी नोंदणी धरली तर २०४२ पर्यंत नुसतीच जुनी गाडी. पुरावशेष म्हणून तरी संरक्षण मिळावे, तर १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांची अट घालतो. १९४२ ची मालमोटारही २०४२ पर्यंत त्याच्या दारात उभी राहू शकत नाही. तोवर तिचा वाली तिचा मालक आणि भंगाराचा भाव.

अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) १९९४ पासून लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. तेथे पहिल्या महायुद्धाच्या काळातील चिलखती मोटारीपासून पाकिस्तानकडून जिंकलेल्या पॅटनपर्यंतची वाहने व्यवस्थित फलकांसह उभी आहेत. तेथे मान रणगाड्याचा, आणि ते रास्तच आहे. पण याच शहरात लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची संस्था आहे, पुण्यात खडकीला लष्कराची मोठी कार्यशाळा आहे. चासीचा क्रमांक, मोजमापे आणि दहा-बारा छायाचित्रे पाठवली की गाडीचा प्रकार व अंदाजे साल लेखी कळवणारी एखादी खिडकी या यंत्रणेत उघडणे अवघड नसावे. परिवहन विभागाला ‘मूळ स्वरूप’ तपासायचेच आहे, तर त्यालाही तो कागद उपयोगी पडेल. तशी सोय होईपर्यंत मालकाने एवढे तरी करावे : गाडी आहे त्या जागी, आहे त्या धुळीसह चारही बाजूंनी छायाचित्रित करावी, क्रमांकांचे ठसे कागदावर शिसपेन्सिलीने उतरवून घ्यावेत, निघालेला प्रत्येक भाग खूणचिठ्ठी बांधून ठेवावा आणि जुन्या रंगाचा एक हातभर तुकडा, नवा रंग कितीही देखणा असला तरी, तसाच सोडावा.