आपल्या मृतांची नावे

गावात कोणी मरण पावले म्हणजे त्याचा सांगावा परगावच्या सोयऱ्यांस पायी पोहोचविणे हे महारांच्या वतनी कामांपैकी एक काम होते. साऱ्या गावाच्या मयताची वार्ता ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिली, त्यांच्या स्वतःच्या मयताची नोंद मात्र क्वचितच कोणी जपली. इतरांच्या वंशावळी नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सुरक्षित राहिल्या. आमची माणसे अनेक गावी वेशीबाहेरच्या जमिनीत पुरली गेली, आणि वर दगड नसल्याने मातीचा उंचवटा दोन-चार पावसाळ्यांत सपाट झाला.

कित्येक बंधू विचारतात की, धम्मदीक्षेने नवा जन्म झाल्यावर जुन्या पिढ्या कशास उकरावयाच्या? बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान वर्ज्य केलेले नाही काय? प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु श्राद्ध व इतिहास या दोन वस्तू एक नव्हेत. पिंड कावळ्यासाठी मांडला जातो. वंशावळ नातवाने वाचावयाची असते.

यात व्यवहारही आहे. अनुसूचित जातींच्या घटनात्मक सवलती केंद्राने बौद्धांस 1990 साली लागू केल्या. पण जातीच्या दाखल्यासाठी आजही 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा आणि शपथेवरील वंशावळ मागितली जाते. तेव्हा आजोबांच्या शाळेचा दाखला, कोतवाल बुक, गाव नमुना 14 यांच्या नकला वेळीच काढून ठेवाव्या. मुलाचा कॉलेजप्रवेश तोंडावर आल्यावर तहसिलीत धावणे हा आमच्या समाजाचा नेहमीचा क्रम होऊन बसला आहे, आणि तो लज्जास्पद आहे.

मात्र सरकारी वंशावळ बाप, आजोबा, पणजोबा एवढ्यावरच थांबते. आई तीत नाही, परगावी दिलेली बहीण नाही, पाळण्यातच गेलेले लेकरू नाही. बाबासाहेबांचेच घराणे पाहा. रामजी सकपाळांचे गाव आंबवडे, भीमाबाईंचे माहेर मुरबाडकरांचे, रमाईंचे वणंद. बाबासाहेब हे आईबापांचे चौदावे अपत्य. भावंडांपैकी अनेक बालपणीच दगावली, आणि आईही त्यांच्या लहानपणीच निवर्तल्या. पुढे रमाईंची गंगाधर, रमेश, इंदू व राजरत्न ही चार लेकरे गेली, एकटे यशवंत उरले. 27 मे 1935 रोजी रमाईही गेल्या. या चौघांची नावे आपण आदराने घेतो. पण भीमाबाईंच्या दगावलेल्या लेकरांपैकी किती नावे आपणांस सांगता येतील? जगद्वंद्य पुरुषाच्या घरची ही कथा, तर वस्तीवरच्या सामान्य घराची काय असेल!

ही स्मृती कागदावर नसून म्हाताऱ्या स्त्रियांच्या मुखी आहे. येत्या वर्षावासात विहारातून घरी परतल्यावर आजीजवळ वही घेऊन बसावे. तिला सन सांगता येणार नाही. परंतु अमकी मानमोडीत गेली असे तिने आपल्या सासूकडून ऐकलेले असेल, तर ते 1918 साल होय. 1972 चा दुष्काळ आणि 1956 चे धर्मांतर या खुणा तिच्या पक्क्या आहेत. लग्नात पुष्कळ मुलींचे नाव बदलले जाई. म्हणून माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे, माहेरच्या गावासह लिहावी. कोणास कोठे पुरले, कोणत्या झाडाजवळ, कोणत्या बांधाच्या कडेला, हेही विचारावे. आणि ज्याचे बारसेच झाले नव्हते, त्या अर्भकासाठीही एक ओळ राखावी: मुलगा की मुलगी, किती दिवसांचे, आणि त्याच्या आईचे नाव.