थंडीने घरातले पाइप गोठून फुटतात का? नगरकरांनी कशाची काळजी घ्यावी?

अहिल्यानगर जिल्ह्यात पारा १० अंशांखाली उतरला, की ‘दवबिंदू गोठले’ अशा बातम्या आणि बर्फाचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात. मग गच्चीवरची टाकी आणि पाइप यांचे काय? थोडक्यात सांगायचे तर घरातल्या पाइपांना इथे धोका नाही. लक्ष द्यायचे ते गच्चीवरच्या सोलरकडे आणि शेतातल्या पिकाकडे.

पारा शून्यावर नसताना दव कसे गोठते?

बातमीत येणारे तापमान हवेचे असते. ते जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवरच्या हवेशीर पेटीत मोजतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गवत, पाने, काच आणि गाडीचे टप आपली उष्णता आकाशाकडे सोडून हवेपेक्षा काही अंशांनी जास्त थंड होतात. शिवाय थंड हवा जड असल्याने खोलगट भागात साचते. महाबळेश्वरला वेण्णा तलाव परिसरात दव गोठते, तेव्हा वेधशाळेतला पारा बराच वर असतो तो यामुळेच.

मग पाइप का गोठत नाही?

२० अंशांचे १ लिटर पाणी शून्यावर आणायला जेवढी उष्णता काढावी लागते, त्याच्या जवळपास चौपट उष्णता शून्यावरच्या पाण्याचा बर्फ करायला काढावी लागते. दवाचा थेंब गोठतो, पण शेकडो लिटरच्या टाकीसाठी पहाटेचे दोन-तीन तास पुरत नाहीत. जमिनीत दीड-दोन फूट खाली तर दिवस-रात्रीच्या तापमानाचा फरक जवळपास पोहोचतच नाही.

पाइप खरोखर कुठे फुटतात?

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये हे घडले. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या शहरांत अनेक मराठी कुटुंबे राहतात. सौम्य हिवाळ्याच्या हिशेबाने बांधलेल्या घरांत पाइप माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीतून गेलेले होते. डॅलसमध्ये पारा उणे १९ अंशांच्या आसपास गेला. ४५ लाखांहून अधिक घरे आणि आस्थापनांची वीज गेली, हीटर बंद पडले आणि असंख्य घरांत पाइप फुटले. त्या वादळाशी संबंधित २४६ मृत्यूंची नोंद सरकारने केली.

गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि पाइप फुटतो. तिकडे कडक थंडीत रात्री नळ थेंब-थेंब सुरू ठेवतात, कारण त्याने हा दाब सुटतो. आपल्याकडे असे करणे म्हणजे निव्वळ पाण्याची नासाडी.

इथे सोलरला धोका का?

सपाट काचेच्या सोलरमध्ये तांब्याच्या बारीक नळ्या असतात. पाणी थोडे आणि पृष्ठभाग थेट आकाशाकडे. त्यामुळे हवा ४-५ अंशांवर असतानाही या नळ्या शून्याखाली जाऊ शकतात. असा प्रसंग विरळाच, पण नळी फुटली तर खर्च मोठा. निर्वात काचनळ्यांच्या सोलरला हा धोका बराच कमी असतो.

आणि शेतात?

डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडला पारा २ अंशांखाली गेला होता. ही नोंद राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कुंदेवाडी येथील केंद्रातली. अशा थंडीत द्राक्षाची वाढ आणि फुगवण थांबते, मणी तडकतात. म्हणून बागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतात आणि ठिबकने विहिरीचे तुलनेने उबदार पाणी देतात.

काय कराल?

- निरभ्र रात्री ५ अंश किंवा कमी तापमानाचा अंदाज असेल, तर सपाट काचेच्या सोलरवर संध्याकाळी ताडपत्री किंवा गोणपाट टाका. सकाळी आठवणीने काढा.
- थंडीत बरेच दिवस गावी जाणार असाल, तर प्लंबरकडून सोलरच्या नळ्यांतले पाणी काढून घ्या.
- गोठल्याची शंका आली, तर उकळते पाणी ओतू नका. काच तडकते. ऊन येईपर्यंत थांबा.
- गच्चीवरचे उघडे पीव्हीसी पाइप झाका किंवा रंगवा. उन्हाने ते ठिसूळ होतात आणि थंडीत धक्का सोसण्याची त्यांची ताकद आणखी कमी होते.

त्यामुळे जानेवारीत गच्चीवरचा पाइप तडकलाच, तर कारण बहुधा थंडी नसून आधीच्या अनेक उन्हाळ्यांचे ऊन असेल.