आकडा नको, नोंदवही हवी



विज्ञान प्रदर्शनात आजकाल वायुदाब मोजणारे छोटे यंत्र हमखास दिसते. आर्डुइनोला बीएमपी२८० नावाचा सेन्सर जोडला की पडद्यावर आकडा उमटतो. बॉश कंपनीचा हा सेन्सर तांदळाच्या दाण्याहून लहान असतो. त्याच्या आत सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. हवेच्या दाबाने तो वाकला की विद्युतरोध बदलतो व त्यावरून दाब हेक्टोपास्कलमध्ये कळतो.

मुले हे स्वतः जोडतात याचा आनंद आहे. पण माझे स्पष्ट मत आहे की नुसता आकडा दाखवणे म्हणजे प्रकल्प नव्हे. त्याला नोंदवहीची जोड हवी.

आपल्या उष्ण कटिबंधात वायुदाब दिवसात दोनदा चढतो व दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो जास्त, तर पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी असतो. फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा. तोच सेन्सर तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर नेला तरी आकडा सुमारे एकाने उतरतो. वेळ व जागा लिहिली नसेल, तर दुपारी चारचा आकडा पाहून कोणीही म्हणेल, ‘वादळ येतंय!’ रोज एकाच वेळी, एकाच जागी महिनाभर नोंद केली, तरच खरी घसरण ओळखता येते.

काही वेळा अशा यंत्राला ‘पूरसूचक’ म्हटले जाते. येथे सावध राहावे. ऑगस्ट २००६ मध्ये सुरत बुडाली ती उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने. पांडेसऱ्यातील आपली अनेक कुटुंबे खानदेशातून आली, तापीही तिकडूनच येते. भुसावळकडे किती पाऊस झाला, धरण किती भरले, हे आपल्या गच्चीवरचा सेन्सर कसे सांगणार? पावसाळ्यात एका खोट्या बातमीने सारी वस्ती घाबरते. इशारा हवामान खात्याचा व महापालिकेचाच मानावा.

पालकांनी बाजारातून तयार मॉडेल आणून देऊ नये. विश्वस्तांनी शाळेसाठी एक सेन्सर व एक जाड रजिस्टर द्यावे. पाळीपाळीने मुले नोंद करतील. परीक्षकांनीही चमकणारे दिवे न पाहता वही उघडून गुण द्यावेत. मुलांना यंत्र जोडता यावेच, पण त्यातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हेही कळावे. विज्ञानाची खरी शिस्त तीच आहे.