गाडीत वाजलेलं जातं

मैत्रिणींनो, यंदाच्या पाडव्याला आमच्याकडे नवी गाडी आली. पहिल्यांदा अर्थातच तुळजापूरला, देवीच्या पायांशी. निघताना सासूबाई हातात कापडी पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. मला वाटलं, ओटीचं सामान असेल. तर त्यातून निघाल्या तीन कॅसेटी! आमच्या ह्यांनी डॅशबोर्ड वरून-खालून पाहिला आणि म्हणाले, "आई, हिच्यात कॅसेट जात नाही." सीडीही जात नाही. एक मोठा चकचकीत पडदा आणि त्याखाली दोन बारीकशी भोकं, एवढंच. सासूबाईंनी कॅसेटी पुन्हा पिशवीत घातल्या आणि तुळजापूर येईपर्यंत बाहेर बघत बसल्या.

आता तुम्ही म्हणाल, फोनवर सगळं जग आहे, हवं ते गाणं लावा. लावतो की! पण येडशीच्या रामलिंग घाटात आमच्या फोनची रेंज जाते आणि गाणं अंतऱ्यावरच लटकतं. मध्येच शाळेतून फोन येतो. शिवाय ॲपवर पैसे भरून 'डाऊनलोड' केलेली गाणी आपल्या मालकीची नसतात, बरं का. ती त्या ॲपच्या कुलपात असतात. पेनड्राईव्हवर काढता येत नाहीत आणि वर्गणी थांबली की वाजतही नाहीत. हे मला दोन वर्षं पैसे भरल्यावर कळलं.

पण खरी अडचण वेगळीच होती. त्या तीन कॅसेटींतली एक कुठल्याही ॲपवर मिळणारी नव्हती. कळंबजवळच्या एका गावात १९८७ साली माझ्या मावससासूबाईंचं लग्न झालं, तेव्हा हळदीच्या दळणाला सासूबाईंच्या आईने, म्हणजे ह्यांच्या आजीने, जात्यावर म्हटलेल्या ओव्या तिच्यात आहेत. मामांनी पुण्याहून नवा टू-इन-वन आणला होता, तो जात्याशेजारी पाटावर ठेवून त्यांनी ते सगळं भरून घेतलं. आजी जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तिचा एक फोटो आहे, तोही हललेला. आवाज मात्र त्या कॅसेटमध्ये.

ओव्यांना मोल आहे हे आता शहाण्या माणसांनीही मानलं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या इंटरनेटवर वाचता येतात, कितीतरी ऐकताही येतात. पण त्यांत आमची आजी नाही. ती आमची आम्हालाच जपायला हवी, म्हणून मी पदर खोचला.

आधी टेपरेकॉर्डर. माळ्यावरचा काढला तर आतला रबरी पट्टा डांबरासारखा चिकट झालेला. शहरात दुरुस्तीवाला मिळाला, पण तीन चकरा झाल्या. त्याने दोन गोष्टी शिकवल्या, त्या तुम्हालाही सांगते. फीत जिथे घासते तो 'हेड' आधी कानाच्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून पुसायचा. आणि बरीच वर्षं पडून असलेली कॅसेट लगेच वाजवायची नाही. आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे फिरवायची, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन इवलेसे प्लॅस्टिकचे दात मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. (आमच्या माहेरी माझ्या भावाने वडिलांच्या नाट्यगीतांवर क्रिकेटची कॉमेंट्री भरली होती. ते दात असतेच कशाला, हे तेव्हा कुणाला ठाऊक!) फीत तुटलेली असेल तर घरातली चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारच्या वेढ्यांना धरतो. फितीसाठीच वेगळी पट्टी मिळते.

मग टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपला जोडली. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपला ती सरळ चालत नाही, मध्ये यूएसबीची एक लहानशी डबी लागते. कॅसेट जेवढ्या वेळाची, तेवढाच वेळ ती वाजवावी लागते, घाई चालत नाही. साठ मिनिटांची असेल तर अर्धा तास एक बाजू, अर्धा तास दुसरी. आवाज मधलाच ठेवा, मोठा ठेवलात तर फाटतो, आणि फाटलेला मागाहून शिवता येत नाही. ऑडॅसिटी नावाचा एक प्रोग्राम फुकट मिळतो, त्यात मी भरलं. एका बाजूला कुकरच्या तीन शिट्याही भरल्या गेल्या. दुपारी सगळे बाहेर गेल्यावर बसा.

इथवर सगळं नीट झालं, आणि मग मी शहाणपणा केला. कॅसेटमध्ये सारखी खरखर होती. त्या प्रोग्राममध्ये खरखर काढायची सोय असते. निव्वळ खरखर असलेला तुकडा त्याला दाखवायचा, मग तो तसला आवाज सगळीकडून वेचून काढतो, तांदळातले खडे वेचावेत तसा. मी ओवी सुरू होण्याआधीचा तुकडा दाखवला. आवाज कसा स्वच्छ झाला! फायली पेनड्राईव्हवर घातल्या आणि जागा अडते म्हणून आधीच्या पुसून टाकल्या.

रविवारी सासूबाईंना गाडीत बसवलं. आजीचा आवाज आला. सासूबाईंनी डोळे मिटले. मी ह्यांच्याकडे बघून हसले. दोन ओव्या झाल्या आणि सासूबाई म्हणाल्या, "जातं कुठं गेलं गं?"

मला आधी कळेचना.

"माय नुसतीच गातीया. तिच्या हाताखाली जातं न्हाई. अशी मोकळ्या हातानं ती कधी बसली न्हाई."

जात्याची घरघर! मी दाखवलेल्या तुकड्यात आजीने दळण सुरू केलेलंच होतं, गाणं नंतर. त्या प्रोग्रामच्या लेखी एकसारखी घरघर ही खरखरच. त्याने निमूट काढून टाकली. आणि मूळ फाईल मी पुसलेली.

रात्रभर मला झोप नाही. फितीला आधीच एक जोड होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा टेपरेकॉर्डर मांडला आणि दुसरी बाजू संपेपर्यंत जागची हलले नाही. देवीच्या कृपेने कॅसेट टिकली. तेव्हा मैत्रिणींनो, पहिल्यांदा भरलेली फाईल आहे तशीच ठेवा. तिला हात लावायचा नाही. ती 'वेव्ह' प्रकारात ठेवावी. मिनिटाला साधारण दहा एमबी जागा खाते, खाऊ द्या. गाडीसाठी तिचीच एमपीथ्री करायची, ती मिनिटाला एक एमबीत बसते. काय साफसफाई करायची ती त्या नकलेवर. आणि मूळ फाईल दोन ठिकाणी हवी, एक घरी आणि एक दुसऱ्या कुणाकडे. आमची मामांकडे आहे.

आता पेनड्राईव्हचं. दुकानदार चौसष्ट जीबीचा गळ्यात मारतो. आमच्या गाडीने तो ओळखलाच नाही. मोठे पेनड्राईव्ह वेगळ्या पद्धतीने आखलेले येतात, पुष्कळ गाड्यांना 'फॅट-३२' नावाची जुनी आखणीच लागते. सोळा किंवा बत्तीस जीबीचा घ्या, दोनशे तासांहून जास्त गाणी मावतात, आणखी काय करायचंय? दोन भोकांपैकी आमच्याकडे एक नुसतं चार्जिंगचं निघालं. ज्याच्यावर त्रिशूळासारखी खूण आहे ते गाण्याचं. सासूबाईंना हे एकदाच सांगावं लागलं. मराठीत लिहिलेली नावं आमच्या पडद्यावर नुसत्या चौकोनांसारखी दिसतात, म्हणून ती इंग्रजी अक्षरांत लिहिली.

आणि क्रमांक घालताना १, २, ३ असे घालू नका, ०१, ०२ असे घाला. बऱ्याच गाड्या एकानंतर दोन न वाजवता दहा वाजवतात. सुधीर फडक्यांचं 'गीतरामायण' १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक असं चाललं. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे गाणी छप्पन्न झाली. ती मी क्रमाने घातली, तर आमच्या गाडीत लव-कुश गाऊन झाल्यावर थेट सीतेच्या स्वयंवराची तयारी, आणि रामाचा जन्म छप्पन्नाव्या गाण्याच्याही नंतर! सासूबाई म्हणाल्या, "ही गाडी कुठल्या शाळेत शिकलीया?"

गाडी चालवताना त्या पडद्याशी खेळू नये, हे वेगळं सांगायला नको. ह्यांना सांगावं लागतं. निघण्यापूर्वीच लावून घ्यायचं. आणि पेनड्राईव्ह गाडीतच सोडू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीची भट्टी होते. मूळ कॅसेट तर गाडीत न्यायचीच नाही.

मागच्या मंगळवारी पुन्हा तुळजापूरला गेलो. या वेळी आजीच्या हाताखाली जातं होतं. दुसऱ्या बाजूच्या शेवटी फीत संपल्यामुळे एक ओवी अर्ध्यावर तुटते. ती तुटली, गाडीत शांत झालं आणि सासूबाईंनी पुढचा अर्धा भाग हळूच म्हटला. मग पुढची ओवी, तिच्या पुढचीही. देवळाची गर्दी दिसेपर्यंत त्या म्हणत होत्या. मी विचारलं, "आत्याबाई, ह्या कुठं भरलेल्या आहेत का हो?"

"ह्या कुणी कवा इचारल्याच न्हाईत," त्या म्हणाल्या.

परसातलं जातं पालथं पडलेलं होतं, ते ह्यांनी काल उचलून ओसरीत आणून दिलं. खुंटा नवा बसवावा लागेल. रविवारी दुपारी बसायचं ठरलं आहे, कुकर सकाळीच लावून ठेवीन.